विचारणाऱ्याच्या पाठीशी कोण?

दानाच्या कथा आपल्याला लहानपणापासून पाठ असतात. दधीचीने अस्थी दिल्या, शिबीने मांडीचे मांस कापून दिले, कर्णाने अंगावरची कवचकुंडले उतरवून दिली. या कथा सांगताना आपण देणाऱ्याचा जयजयकार करतो; मागणारा कोण होता, हे मात्र फारसे लक्षात ठेवीत नाही. गंमत अशी, की तिन्ही ठिकाणी मागणारा एकच आहे, तो म्हणजे इंद्र. कधी देवांचा प्रतिनिधी म्हणून, कधी ससाणा होऊन, कधी ब्राह्मणाचा वेष घेऊन तो आला. तो देवांचा राजा होता. ‘तू मागितलेस तरी कसे?’ असे विचारून त्याला न्यायालयात खेचणारा कोणी नव्हता.

आजच्या युगातला मागणारा असा भाग्यवान नाही. तो अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभा असलेला तरुण डॉक्टर असतो, किंवा ‘प्रत्यारोपण समन्वयक’ या भारदस्त नावाची, बेताच्या पगारावर काम करणारी एखादी मुलगी असते. आत व्हेंटिलेटरवर एक देह आहे. छाती वरखाली होते आहे, अंग उबदार आहे, पण मेंदूचा कारभार कायमचा थांबलेला आहे. बाहेर आई, बाप, भाऊ, गावाकडून जीप करून आलेली दहा-पंधरा माणसे. त्यांच्यापुढे जाऊन या माणसाला म्हणायचे आहे, ‘तुमचा मुलगा गेला. त्याचे अवयव देण्याचा पर्याय तुमच्यापुढे आहे. हो म्हणा किंवा नाही म्हणा, तुमची मर्जी.’ याहून अवघड वाक्य कोणत्याही नोकरीत बोलावे लागत असेल, असे मला वाटत नाही.

अवयवदानावर निबंध पुष्कळ लिहिले जातात. आपल्या अंकातही येऊन गेले असतील. त्या सर्वांचा रोख देणाऱ्याकडे असतो. मला आज विचारणाऱ्याविषयी लिहावयाचे आहे. त्याला कायद्याचे कवच कितपत आहे, ते पुरेसे आहे काय, आणि ते किती जाड असावे, हे तीन प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. हा विषय डॉक्टरांचा आहे, आपला नाही, असे म्हणून कोणी पान उलटू नये. विचारणारा भ्यायला की प्रश्न विचारलाच जात नाही. आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच धरले जाते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. ‘मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम’ संसदेने 1994 साली केला. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांच्या यादीतला विषय असल्यामुळे तो प्रथम ज्या राज्यांनी मागितला त्यांनाच लागू झाला. ती राज्ये म्हणजे महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश. शिवाय केंद्रशासित प्रदेश. फेब्रुवारी 1995 पासून तो तेथे अमलात आला आणि मागाहून कर्नाटकासह बहुतेक राज्यांनी ठराव करून तो स्वीकारला. म्हणजे आपल्या सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे मूळ कायदा एकच आहे.

या कायद्याने पहिली मोठी गोष्ट केली ती मृत्यूच्या बाबतीत. हृदय बंद पडले म्हणजे माणूस मेला, अशी आपली समजूत. या कायद्याने मेंदूच्या देठाचा मृत्यू, म्हणजे रूढ भाषेतला मेंदूमृत्यू, हाही अवयवदानाच्या कामी मृत्यूच मानला. तो एकट्या डॉक्टरने ठरवावयाचा नाही. रुग्णालयाचा प्रमुख डॉक्टर, मान्य यादीतला एक विशेषज्ञ, मज्जासंस्थेचा तज्ज्ञ आणि प्रत्यक्ष उपचार करणारा डॉक्टर अशा चौघांनी मिळून ठरवावयाचा. तपासण्या दोनदा करावयाच्या, आणि दोहोंमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवावयाचे. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकाने या निर्णयापासून दूर राहावयाचे. मरण ठरविणारा वेगळा आणि अवयव घेणारा वेगळा, हे या साऱ्या रचनेचे मर्म आहे.

दुसरी गोष्ट 2011 च्या दुरुस्तीने आली. ही दुरुस्ती जेथे लागू झाली तेथे अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरने, समन्वयक असल्यास त्याच्या सल्ल्याने, रुग्णाने पूर्वी कधी अवयवदानाची संमती दिली होती काय याची चौकशी करणे, आणि दिली नसल्यास नातेवाइकांना होकार वा नकार देण्याच्या पर्यायाची जाणीव करून देणे, हे त्याचे कर्तव्यच ठरले. विचारणे आता सौजन्याचा भाग राहिलेला नाही. त्याच दुरुस्तीने शिक्षाही वाढविल्या. अधिकार नसताना अवयव काढल्यास दहा वर्षांपर्यंत कैद व वीस लाखांपर्यंत दंड. अवयवांचा व्यापार केल्यास पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड. दोषी डॉक्टरचे नाव वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीतून पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांसाठी, पुन्हा केल्यास कायमचे काढले जाते.

म्हणजे एका हाताने कायदा सांगतो, ‘विचार’; आणि दुसऱ्या हाताने छडी दाखवितो, ‘चुकलास तर बघ.’ या दोहोंच्या मध्ये कवच आहे ते कलम 23 चे. या कायद्याच्या तरतुदींना अनुसरून सद्भावनेने केलेल्या किंवा करू पाहिलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल कोणाही व्यक्तीविरुद्ध दावा, खटला वा अन्य कायदेशीर कारवाई चालणार नाही, असे ते कलम सांगते. ‘कोणाही व्यक्तीविरुद्ध’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यात डॉक्टर आला, समन्वयक आली, संमतीवर सही करणारा बापही आला. याच्या जोडीला कलम 8 आहे: कायद्याप्रमाणे अवयव काढू देणे किंवा काढणे हा प्रेताच्या विटंबनेचा गुन्हा नव्हे, असे ते स्पष्ट करते. कलम 22 तर आणखी एक गाळणी लावते. न्यायालयाने अशा गुन्ह्याची दखल घ्यावयाची ती नेमलेल्या प्राधिकाऱ्याच्या तक्रारीवरून. सामान्य माणसाला तक्रार करावयाची तर त्याने प्राधिकाऱ्याला आधी साठ दिवसांची नोटीस दिली पाहिजे.

वाचताना वाटते, तटबंदी चांगली आहे. राज्यशास्त्राच्या तासाला मी हे सारे फळ्यावर लिहिले तेव्हा मलाही तसेच वाटले होते. मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने हात वर केला.

‘‘सर, सद्भावना म्हणजे काय, ते कायद्यात लिहिलंय का?’’

‘‘या कायद्यात नाही.’’

‘‘मग ती होती की नव्हती, हे कोण ठरवणार?’’

‘‘न्यायालय.’’

‘‘म्हणजे न्यायालयात जायला नको म्हणून जे कलम केलंय, ते आपल्याला लागू आहे हे सांगायलाच न्यायालयात जायचं?’’

वर्ग हसला. पण त्या मुलाने बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवले होते.

सद्भावनेच्या दोन वेगळ्या व्याख्या आपल्या कायद्यांत आहेत आणि त्या दोन व्याख्यांचे आपसात पटत नाही. 1897 च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाप्रमाणे जी गोष्ट प्रामाणिकपणे केली ती सद्भावनेने केली. मग ती करताना हलगर्जी झालेली असो वा नसो. उलट 1860 च्या भारतीय दंड संहितेने सांगितले, की योग्य काळजी व लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असे म्हणताच येत नाही. आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही तेच धोरण ठेवले. एका गजाने मन मोजावयाचे, दुसऱ्याने मन आणि हात दोन्ही. प्रत्यारोपणाच्या कायद्याने स्वतःची व्याख्या केलेली नाही, म्हणून त्याला सामान्य अधिनियमाचा सौम्य गज लागावा असा युक्तिवाद करता येतो. पण मृताच्या नातेवाइकाने फिर्याद दिली तर ती हलगर्जीपणाच्या वा विटंबनेच्या कलमाखाली दिली जाण्याचा संभव अधिक. आणि तेथे दुसरा, कडक गज पुढे येतो. रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागात उभ्या असलेल्या डॉक्टरने यांतला कोणता गज मनात धरावा?

भीती नुसती कल्पनेतली नाही. केरळात 2009 साली अपघातात गेलेल्या एका तरुणाच्या अवयवदानावरून 2023 मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी, दंडाधिकाऱ्यांनी एका खासगी रुग्णालयाला व तेथील डॉक्टरांना समन्स काढले. त्या प्रकरणाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. ते न्यायालयाचे काम. पण चौदा वर्षांनंतरही आपल्या सहीचा जाब द्यावा लागू शकतो, ही बातमी वाचल्यावर त्या दिवशी देशातल्या किती डॉक्टरांनी मनातल्या मनात ठरविले असेल, की ‘आपण बरे आणि आपले रुग्ण बरे’? देशात मृत दात्यांची वार्षिक संख्या एक हजारावर प्रथमच गेली ती त्याच वर्षी, 2023 मध्ये. एकशेचाळीस कोटींच्या देशात एक हजार! एकूण प्रत्यारोपणांपैकी फार मोठा भाग आजही जिवंत दात्यांकडून, त्यातही घरातल्या आई-बहिणींकडून येतो. मृतांचे अवयव चितेवर जातात आणि जिवंत आईचे मूत्रपिंड काढावे लागते, या विपरीत हिशेबाला न विचारलेले प्रश्नही कारण आहेत.

यावर काही मित्र म्हणतात, मग कवच लोखंडाचे करा. डॉक्टरांवर अवयवदानाच्या बाबतीत खटलाच चालणार नाही असे लिहून टाका. मला हे मान्य नाही, आणि का मान्य नाही हे सांगण्यासाठी मी जपानचे उदाहरण घेतो.

ऑगस्ट 1968 मध्ये साप्पोरो येथे डॉ. जुरो वाडा यांनी जपानमधले पहिले हृदय प्रत्यारोपण केले. केपटाउनला डॉ. बर्नार्ड यांनी जगातले पहिले केले त्याला वर्षही झाले नव्हते, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही त्याच वर्षी फेब्रुवारीत तो प्रयत्न केला होता. साप्पोरोचा रुग्ण 83 दिवसांनी दगावला आणि मग प्रश्नांचा भडिमार सुरू झाला. दाता खरोखर मेला होता काय? ते कोणी ठरविले? दात्याचे मरण आणि रुग्णाची गरज या दोन्ही गोष्टींचा निवाडा एकाच पथकाच्या हाती कसा? डॉ. वाडांविरुद्ध खुनाची फिर्याद झाली. 1970 साली ती निकालात निघाली; खटला भरला गेला नाही. म्हणजे डॉक्टर सुटले. पण लोकांचा विश्वास सुटला तो परत यायला एक पिढी जावी लागली. जपानने अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला 1997 साली, आणि त्या कायद्याखाली पुढचे हृदय प्रत्यारोपण झाले 1999 च्या फेब्रुवारीत. तीस वर्षांच्या या खंडात किती जपानी रुग्ण वाट पाहता पाहता गेले असतील, त्याची कल्पना करावी.

यातून मी घेतो तो धडा असा: डॉक्टर सुटणे म्हणजे संशय फिटणे नव्हे. संशय फिटतो तो नोंदींनी, वेगळ्या ठेवलेल्या हातांनी आणि उघड्या दाराने. लोखंडी कवच घातलेल्या माणसाने विचारलेला प्रश्न आईला प्रश्न वाटणार नाही, हुकूम वाटेल. आणि आपल्या देशात किडनीचे बाजार उघडकीस आले आहेत, हे विसरून चालणार नाही. 2008 चे गुरगावचे प्रकरण सर्वांना आठवते. असे गुन्हे बहुतांशी जिवंत, गरीब दात्यांच्या बाबतीत झाले, मेंदूमृत दात्यांच्या बाबतीत नव्हे, हे खरे. तरी खेड्यातल्या माणसाच्या मनात दोन्ही एकच असतात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की संरक्षण पक्के हवे, पण ते कमावलेले हवे. ज्याने ठरलेली पद्धत पाळली आणि तिची नोंद ठेवली त्याला पूर्ण अभय. ज्याने पाळली नाही त्याला मी सद्भावनेने केले एवढे म्हणून सुटका नाही. त्यासाठी चार गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते.

पहिली गोष्ट, सद्भावनेचा अर्थ कायद्यातच लिहावा. चार डॉक्टरांचे प्रमाणपत्र, दोन तपासण्या, त्यांमधले अंतर, नातेवाइकाशी केव्हा, कोणी व काय बोलणे झाले त्याची नोंद, एवढे असले की सद्भावना गृहीत धरावी. ती नव्हती हे सिद्ध करण्याचा भार फिर्यादीवर टाकावा. अमेरिकेतल्या 2006 च्या नमुना कायद्यात जो कायद्याप्रमाणे वागला किंवा तसे वागण्याचा सद्भावनेने प्रयत्न केला त्याला दिवाणी, फौजदारी व खात्यांतर्गत अशा तिन्ही कारवायांपासून अभय दिले आहे. शिवाय दान करणाऱ्यावर, त्या दानामुळे पुढे काही नुकसान झाले तरी, जबाबदारी येणार नाही असेही स्वतंत्रपणे सांगितले आहे. आपल्याकडे सही करणारा बाप ‘कोणाही व्यक्ती’त येतो खरा, पण त्याला ते कोणी सांगत नाही. एका ओळीत, त्याच्या नावाने, लिहिले तर काय बिघडेल?

दुसरी गोष्ट, फिर्याद आली तर ती आधी तज्ज्ञांनी पाहावी. जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की डॉक्टरांवरील फौजदारी हलगर्जीपणाची खासगी फिर्याद दुसऱ्या जाणकार डॉक्टरच्या विश्वासार्ह मतावाचून दाखल करून घेऊ नये, आणि तपास अधिकाऱ्यानेही स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे. हेच तत्त्व अवयवदानाच्या प्रत्येक तक्रारीला नियम म्हणून लावावे. तक्रार दाबण्यासाठी नव्हे, तर खरी तक्रार लवकर पुढे जावी आणि पोकळ तक्रार चौदा वर्षे लोंबकळू नये म्हणून.

तिसरी गोष्ट, मृत्यूची व्याख्या देशभर एक करावी. आज मेंदूमृत्यू हा मृत्यू आहे तो प्रत्यारोपणाच्या कायद्यापुरता. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात मृत्यू म्हणजे जीवनाची सर्व चिन्हे कायमची नाहीशी होणे. परिणाम असा, की नातेवाइकांनी होकार दिला तर माणूस मेला, आणि नकार दिला तर तोच माणूस व्हेंटिलेटरवर ‘आहे’. ते यंत्र काढावे की नाही या विवंचनेत डॉक्टर, आणि रोजचे बिल भरत बसलेले घर. होकारावर मरण अवलंबून असते असे दिसले, तर विचारणाऱ्याचा हेतू शुद्ध आहे यावर कोण विश्वास ठेवील? मृत्यू आधी आणि प्रश्न नंतर, हा क्रम कायद्यातही दिसला पाहिजे.

चौथी गोष्ट आपल्या या भागाची आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. चंदगड, गडहिंग्लजकडे अपघात झाला की जखमीला बेळगावात आणतात. अथणी, कागवाडकडचा माणूस मिरजेला नेतात. दुःखाला राज्याची सीमा ठाऊक नसते. कागदाला मात्र असते. मराठी बापापुढे इंग्रजी किंवा कन्नड कागद, आणि मिरजेत कन्नड आईपुढे मराठी कागद. सही होते, अंगठा उमटतो. पण जे वाचता आले नाही त्याला दिलेली संमती ही संमती आहे काय? उद्या तोच बाप म्हणाला, ‘मला काय कळलंच नाही बघा,’ तर विचारणाऱ्याच्या सद्भावनेचा निम्मा पुरावा तेथेच गळून पडेल. दोन्ही भाषांतले छापील फॉर्म आणि दोन्ही भाषा बोलणारा समन्वयक हे सीमाभागातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात असले पाहिजे. याला लोकसभेची दुरुस्ती लागत नाही. आपल्या अंकाच्या मराठी आणि कन्नड विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसले तर सोप्या भाषेतले एक माहितीपत्रक एका सुट्टीत तयार होईल.

त्यात पोलिसांची बाजूही यावी. अपघाती मृत्यूत पंचनामा व शवविच्छेदन आलेच. आणि अपघाताची जागा एका राज्यात, देह दुसऱ्या राज्यात, म्हटले की हद्दीचा घोळ होतो. 2014 च्या नियमांनी वाट दाखविली आहे. संमती मिळताच रुग्णालयाने पोलिसांना विनंती करावी, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला त्याच वेळी प्रत द्यावी, शक्यतो त्याला अवयव काढताना हजर राहण्यास सांगावे, आणि मृत्यूचे कारण शोधण्यात बाधा येऊ नये याची दक्षता घ्यावी. कचेरीची वेळ संपली तरी शवविच्छेदन प्राधान्याने व्हावे, असेही त्यांत आहे. नियम चांगले आहेत. ते पोलीस ठाण्यातल्या हवालदारापर्यंत पोहोचले तर तोही निर्धास्तपणे सही करील. तोही या साखळीतला विचारणाराच आहे, आणि कलम 23 त्यालाही आहे.

कोणी म्हणेल, एवढ्या कागदांत माणुसकी गुदमरेल. मला उलट वाटते. ज्याला स्वतःच्या पाठीची काळजी नाही तोच समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलू शकतो. भ्यालेला डॉक्टर एक तर गप्प बसतो, किंवा घाईघाईने कागद पुढे सरकवून सही मागतो. निर्भय डॉक्टर खुर्ची ओढून बसतो, आईला पाणी देतो, तिला रडू देतो, तिचा नकारही तितक्याच शांतपणे ऐकून घेतो. कायद्याने ‘होकार किंवा नकार’ असे दोन्ही शब्द लिहिले आहेत, हे विसरू नये. विचारणाऱ्याचे संरक्षण हे शेवटी नाही म्हणणाऱ्याचेही संरक्षण आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी वकील, कोणी फौजदार, कोणी त्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेला नुसता भाऊ. चौघांपुढे एकच प्रश्न एका रात्री येऊ शकतो. त्या रात्री कायद्याचे पुस्तक उघडायला वेळ नसतो; म्हणून ते आज उघडावे. अवयवदानाच्या कार्डावर सही करणे चांगलेच. पण त्याहून आधी घरी जेवताना आईवडिलांशी या विषयावर दोन वाक्ये बोलून ठेवा. तुमची इच्छा घरच्यांना ठाऊक असेल, तर विचारणाऱ्याचे ओझे निम्मे हलके होईल. उरलेले निम्मे हलके करणे हे कायद्याचे, म्हणजे पर्यायाने आपले, काम आहे.